लालासाहेबांचं रजिस्टर

लालासाहेबांना वेड लागलंय, असं आमच्या कॉलेजात पहिल्याच आठवड्यात ठरून गेलं होतं. त्याला आता बारा वर्षं झाली. मी शेजारच्या ग्रंथालयात मदतनीस, त्यामुळं ते वेड जवळनं बघायची मला सोय होती. गाव त्यांचं उंब्रजकडलं, सासुरवाडी आमच्या आष्ट्याची. सतरा वर्षं फौजेत सिग्नलला काढली आणि मग आमच्याकडं कॉम्प्युटर लॅबचे सहायक म्हणून लागले. हंगामी.

हा हंगामी शब्द त्यांना लय लागायचा. पेन्शन होती, पोटाला काही कमी नव्हतं. पण दर जूनला नवा अर्ज करायचा आणि संस्थेनं तो उपकार केल्यासारखा मंजूर करायचा. मला म्हणायचे, फौजेत मला नंबर होता आक्काताई, इथं मी कोण तेच कुणाला ठाऊक नाही. कायमची ऑर्डर एकदा हातात पडावी, एवढंच त्या माणसाचं मागणं होतं. गेल्या वर्षी त्यांची फाईल कशीबशी संस्थेचे सेक्रेटरी नानासो यांच्या टेबलावर पोचली. दिवाळीनंतरच्या बैठकीत सही व्हायची होती.

लॅबच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हातानं अकरा नियम लिहिले होते. चपला बाहेर. पेनड्राइव्ह आत नाही. मशीन उघडं सोडून उठायचं नाही. आपला पासवर्ड दुसऱ्याला सांगायचा नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. आणि दाराशी टेबलावर रजिस्टर. नाव, आल्याची वेळ, कारण, सही, गेल्याची वेळ. कारणाच्या रकान्यात नुसतं 'काम' लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. पंख्यासाठी आलेल्या वायरमनला त्यांनी 'पंखा, डावीकडचा' असं लिहायला लावलं होतं. आमच्या जैनांत दिवस मावळला की ताट पुढ्यात येत नाही, मग पाहुणा कितीही मोठा असो. लालासाहेबांचं रजिस्टर त्यातलंच.

नवी पोरं आली की ते भाषण द्यायचे. पहाऱ्यावरचा जवान परवलीचा शब्द विचारतो, तो रोज बदलतो, आणि तो बाहेर फोडणाऱ्याला फौजेत कुणी दोस्त म्हणत नाही. पोरं माना डोलवायची आणि बाहेर पडून एकमेकांच्या नावानं फॉर्म भरायची. प्राचार्य पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे आणि दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवायचे की माझा पासवर्ड अमुक आहे, मुलांचे अंतर्गत गुण तेवढे पोर्टलवर भरून टाका. लालासाहेबांनी चिठ्ठी दोनदा परत केली. तिसऱ्या खेपेला लेखी आदेश आला. फौजी माणूस, आदेशापुढं गप्प झाला. तेव्हापासून प्राचार्यांचा पासवर्ड फक्त लालासाहेबांना पाठ होता. खुद्द प्राचार्यांना तो आठवायची गरजच उरली नाही.

मग आली गेल्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. शेतकरी विळा-खुरपं पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, कॉलेज कॉम्प्युटर पुजतं. पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही की वापरायचं नाही, अशी रीत. त्या वर्षी प्राचार्यांना पूजेचा फोटो वेबसाइटवर टाकायचा होता आणि बंद पडदे फोटोत मेल्यासारखे दिसतात असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून चोवीसच्या चोवीस मशीनं सुरू केली. पहिल्या मशीनवर प्राचार्यांनी आपल्या नावानं गुणांचं पोर्टल उघडलं, कारण त्यावर कॉलेजचं बोधचिन्ह मोठं दिसतं. पासवर्डची अक्षरं लालासाहेबांनी त्यांच्या कानात सांगितली. हळद-कुंकू झालं, झेंडू वाहिला, नारळ फुटला, फोटो निघाला आणि प्राचार्य पुरणपोळीला घरी गेले. ते पोर्टल इतकं भाबडं, की एकदा उघडलं की दिवसभर उघडंच.

मी म्हटलं, "आवं लालासाहेब, ती मशीनं बंद करा की. तुमचाच नियम हाय."

"पूजेला लावलेल्या हत्याराला हात लावत न्हाईत, आक्काताई. उद्या सोनं वाटलं की करतो बंद."

बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नियमाला सुट्टी दिली. दार मात्र सोडलं नाही. खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला पेढा देऊ लागले, पण आधी रजिस्टरात सही. देवाच्या दर्शनाला सही! पोरं लय हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

आठवड्यानं भौतिकशास्त्राच्या पल्लवी मॅडमनी गुणांची यादी पडताळली, तर वीरधवलच्या नावापुढं सहाचे सोळा झालेले. वीसपैकी सहा म्हणजे नापास, सोळा म्हणजे हुशार. नुसता एक एकडा पुढं लावला की काम झालं. वीरधवल म्हणजे नानासोंचा पुतण्या. पोर्टलवर नोंद होती, प्राचार्यांचं नाव, लॅबमधलं पहिलं मशीन, खंडेनवमी, दुपारी एक चाळीस.

प्राचार्य म्हणाले, मी त्या वेळी ताटावर होतो, आणि माझा पासवर्ड लालासाहेबांशिवाय कुणाला ठाऊक नाही. झालं. सगळ्या माना लालासाहेबांकडं वळल्या. ज्यानं पासवर्ड नको नको म्हणून दोनदा परत केला, त्याच्यावरच संशय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लालासाहेबांनी रजिस्टर उघडलं. वीरधवल, आल्याची वेळ एक पस्तीस, गेल्याची एक पन्नास, कारण दर्शन, आणि पुढं झोकदार सही. मग त्यांना आठवलं. पोरगं पहिल्या मशीनपुढं बराच वेळ वाकून उभं होतं. यांना वाटलं, केवढं भाविक पोर. जाताना त्याला त्यांनी आणखी एक पेढा दिला होता.

त्याच संध्याकाळी नानासोंनी त्यांना बोलावून घेतलं. चहा पाजला, कायमची फाईल पुढ्यात ठेवली आणि पेनाचं टोपणही काढून ठेवलं. म्हणाले, यंत्र आहे, बिघाड होतो, तसं लिहून द्या. आणि रजिस्टरं काय, जुनी होतात, भिजतात, उंदीर खातात. हे सगळं लालासाहेबांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? म्हणाले, चहा प्यालो आणि आलो.

चौकशी समितीपुढं त्यांनी रजिस्टर ठेवलं आणि वर स्वतःचा कबुलीजबाब जोडला. मशीन उघडं राहिलं, नियम मोडला, चूक माझी. समितीला ते आयतंच सापडलं. वीरधवलचे गुण परत सहा झाले, पण लेकराचं आयुष्य खराब नको म्हणून त्याला समज देऊन सोडलं. जानेवारीत सायबर जागृती सप्ताह झाला, त्याचं प्रमुखपदही त्यालाच मिळालं, कारण तो भाषण चांगलं करतो. लालासाहेबांना मात्र दोन नियम लागू झाले, उघड्या मशीनचा आणि पासवर्डचा. दोन्ही त्यांनीच लिहिलेले, त्यामुळं हरकत कशी घेणार? प्राचार्यांचा तो लेखी आदेश फाईलीत कुणालाच सापडला नाही. कायमचा अर्ज नामंजूर झाला, लॅब काढून घेतली आणि त्यांना ग्रंथालयात माझ्यासारख्या मदतनिसाच्या हाताखाली धाडलं, हंगामीच. शिवाय एका कागदावर सही घेतली, की यापुढं कुणाचाही पासवर्ड ऐकणार नाही, ठेवणार नाही, सांगणार नाही. ते सही करत होते तेव्हा मला रडू आलं. त्यांनी कागदाची झेरॉक्स मागून घेतली.

यंदा मार्चात गुण भरायचा शेवटचा दिवस होता. लॅबला नवा सहायक, त्याला प्राचार्यांनी विश्वासानं काही सांगितलेलं नाही. दुपारी प्राचार्य स्वतः ग्रंथालयात आले. या बारा वर्षांत त्यांनी इथं पाऊल ठेवल्याचं मला आठवत नाही. इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाले, "लालासाहेब, तो आपला पासवर्ड काय होता हो?"

म्हणजे एवढं रामायण होऊनही बदलला नव्हता. बदलला असता तर विचारायला आले नसते. लालासाहेब उठून सरळ उभे राहिले. ग्रंथालयातही त्यांनी आल्या आल्या रजिस्टर सुरू केलं होतं, ते पुढं सरकवलं.

"आधी सही, सर. कारण बी लिवा."

प्राचार्यांनी नाव लिहिलं, वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यावर पेन थांबलं ते थांबलंच. मी पुस्तकं लावायचं सोडून वाकून बघत होते. शेवटी त्यांनी लिहिलं, 'दर्शन'.

लालासाहेबांनी ते वाचलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"झालं दर्शन, सर. आता गेल्याची वेळ लिवा."