तिसऱ्या आग्रहाची वाट

विलायतेतल्या स्टॅनमोरच्या श्यामलाकाकू चौगुले यांनी जन्मात कुणाच्या घरी पहिल्या विचारण्याला 'हो' म्हटलं नव्हतं. चहा विचारला की 'नको, आत्ताच झाला,' मग तो झालेला असो वा नसो. दुसऱ्यांदा विचारलं की 'कशाला उगाच तरास.' तिसऱ्यांदा विचारलं की 'बरं, घोटभर द्या,' आणि मग कपभर चहा, वर चार बिस्किटं. कोल्हापूरकडची रीतच ती. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा पाहुणा हावरट आणि दुसऱ्या नकोवर थांबणारा यजमान चिक्कू. दोघांनाही गल्ली वर्षभर विसरत नाही.

ही रीत पदरात बांधून काकू लग्नानंतर विलायतेला आल्या आणि नोकरी लागली ती नेमकी शाळेच्या कँटीनमध्ये, पोरांना वाढायची. गोरी पोरं 'नो थँक यू' म्हणायची आणि काकू त्यांच्या ताटात उकडलेल्या वाटाण्याचा डाव उलटा करायच्या. "घे रे, तोंड बघ की कसं सुकलंय." पोराला अक्षर कळायचं नाही, पण वाटाणे गिळावे लागायचे. हेडबाईंनी एकदा बोलावून समजावलं की मिसेस चौगुले, नो म्हणजे नो. काकूंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी हेडबाईंच्याच वाडग्यात कस्टर्डचा जादा डाव पडला. अशा थाटात काकू रिटायर झाल्या. इंग्रज काही त्यांच्याकडून आग्रह शिकले नाहीत आणि काकू काही इंग्रजांकडून नकार शिकल्या नाहीत. फिट्टंफाट.

मग दोन हजार वीस साल उजाडलं. मार्चच्या सुरुवातीला तपासणीत काकूंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. वाटाण्याएवढी. आयुष्यभर जे वाढलं तेच देवानं परत केलं म्हणायचं. तुकडा काढून तपासला, तर कॅन्सर. सर्जनबाईंचं नाव सारा. इथं सर्जनबाईला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस म्हणतात. अर्धं आयुष्य शिकायचं आणि शेवटी पुन्हा मिस व्हायचं, अशी या देशाची प्रगती. सारा म्हणाल्या, लवकर सापडलंय, ईस्टर झालं की छोटं ऑपरेशन करू, काढून टाकू. काकूंनी मनातल्या मनात बॅग भरली.

ईस्टरच्या आधीच देशाला कुलूप लागलं. हॉस्पिटलात कोविडच्या पेशंटना खाटा पुरेनात. आणि एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी सारांचा फोन आला.

"मिसेस चौगुले, आमची मीटिंग झाली," त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "आत्ता तुम्हाला ऑपरेशनला घेतलं तर वॉर्डातच कोविड गाठायची भीती आहे. तुमचं वय आहे, शुगर आहे. तुमची गाठ हार्मोनवर वाढणारी आहे, ती गोळीनं रोखता येते. एरवी ही गोळी आम्ही ऑपरेशननंतर देतो, आता आधी देतोय. खरं सांगायचं तर यातलं कुठलं बरोबर हे मला ठामपणे सांगता येत नाही. ऑपरेशन अजूनही करता येईल. तुम्हाला काय हवंय?"

काकूंना काय हवं होतं? ती गाठ अंगातून बाहेर हवी होती. आज. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आडवं व्हायला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तोंडाला काय, सवय.

"नो, नो," काकू म्हणाल्या. "माझ्यासाठी तरास नको. माझ्याहून आजारी लोक आहेत."

"नक्की?"

"येस, येस. आय ॲम फाइन."

आणि काकू तिसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिल्या.

"तुमचं मन फार मोठं आहे," सारा म्हणाल्या. गोळी पोस्टानं येईल म्हणाल्या. फोन बंद झाला. काकू तो हातात धरून बसल्या, लग्नघरातून उपाशी बाहेर पडल्यासारख्या.

शशीकाका, म्हणजे त्यांचे यजमान, पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "काय म्हणाली गं?"

"दोनदाच विचारलं. ठेवला की फोन."

"तू काय म्हणालीस?"

"नको म्हटलं."

"आणि का म्हणे?"

"अहो, लगेच हो म्हणायचं व्हय? लोकं पटापटा मरायल्यात आणि मी म्हणू मला आधी कापा?"

"अगं, ती सर्जन आहे. विहीणबाई नव्हे."

लेक इरावती हॅरोला राहायची. घरात यायची बंदी, म्हणून ती फाटकाबाहेर उभी राहून आईला रागावली. "आई, तो बाई विचारला ना तुला? मग येस म्हणायचा! इट्स वन वर्ड."

"तुला हितं जन्माला घातली तीच चूक झाली," काकू दारातून म्हणाल्या.

मग मँचेस्टरहून भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. जयंत कॅन्सरचाच डॉक्टर. घराण्यातला एकुलता एक हुशार म्हणून त्याच्या शब्दाला गणपतीनंतरचा मान.

"आत्या, सारा चुकली नाही," तो म्हणाला. "आम्हीपण रोज तेच करतोय. कुणाची केमो पुढं ढकलली, कुणाला इंजेक्शनाऐवजी गोळ्या. रेडिएशन पंधरा वेळा द्यायचो, तिथं पाच वेळा देतोय. आणि पाचात भागतंय असं दिसतंय."

"मग आधीच्यांना पंधरांदा कशाला भाजलं?"

"आत्या, शुगर किती आहे तुझी?"

"विषय बदलू नगंस. तू असतास तर माझं काय केलं असतंस?"

"दोन्ही बाजू सांगितल्या असत्या आणि तुला विचारलं असतं."

"म्हंजे तुलाबी ठाऊक न्हाई."

जयंतनं चष्मा काढून डोळे चोळले. "न्हाई, आत्या."

डॉक्टर भाचा 'ठाऊक न्हाई' म्हणतो, याची काकूंना कॅन्सरपेक्षा जास्त धडकी भरली.

गुरुवार आला की सगळी गल्ली दारात उभी राहून डॉक्टर-नर्सांसाठी टाळ्या वाजवायची. काकू पातेलं आणि डाव घेऊन उभ्या राहायच्या. ज्या हॉस्पिटलात आपल्याला जायला मिळालं नाही त्याच्या नावानं एवढा गजर करणारी बाई अख्ख्या स्टॅनमोरात दुसरी नसेल. शेजारच्या म्हातारीनं कौतुकानं अंगठा वर केला. काकूंनी पातेल्याला पोचा पाडला.

इकडं शशीकाकांनी आपलं औषध सुरू केलं. सकाळी एकदा विचारायचं, "चहा?" काकू म्हणायच्या, "नको." काका "बरं" म्हणायचे आणि एकटे प्यायचे. वर भुरका मारायचे. पहिले काही दिवस काकूंनी भांडी आपटली. "हे काय नवीन?" "इंग्रजी पद्धत," काका म्हणायचे. महिनाभरात काकू रागारागानं स्वतःचा चहा स्वतः करू लागल्या. जूनमध्ये एकदा त्यांच्या तोंडून पहिल्याच फटक्यात "अर्धा" असं निसटलं. काकांनी भरून कप दिला आणि पेपरामागं तोंड लपवलं.

सारांचा फोन अधूनमधून यायचा. कशा आहात? फाइन. गाठ कशी आहे? फाइन. खरं तर आंघोळीच्या वेळी बोटाला लागायचं, वाटाण्याची सुपारी झाली होती. काकूंनी हे कुणालाच सांगितलं नाही. कुणी खोदून विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण सारांना अजून पन्नास जणींना फोन करायचे असायचे आणि त्यातल्या निम्म्याजणी खरोखरच फाइन असायच्या.

जुलैत फोन आला तेव्हा शशीकाका समोरच बसले होते.

"ऑपरेशनसाठी एक वेगळं हॉस्पिटल मिळालंय, तिथं कोविडचे पेशंट ठेवत नाहीत," सारा म्हणाल्या. "माझ्याकडं थोड्याच जागा आहेत. तुमचं गोळीवर छान चाललंय, तर शरद ऋतूपर्यंत थांबायला हरकत नाही. किंवा आता या. काय करूया?"

"नो, नो," काकूंचं तोंड आपोआप चालू झालं. "दुसऱ्या कुणाला..."

"नक्की?"

काकूंनी काकांकडं बघितलं. काका मदतीला आले नाहीत. त्यांनी नुसता आपला कप उचलला आणि भुरका मारला. त्या भुरक्यात चार महिन्यांचा चहा होता. हे दुसरं विचारणं, आणि या देशात तिसरं नसतं.

"नाही," काकू म्हणाल्या. "नक्की नाही. गाठ मोठी झालीय. मला ती काढून पाहिजे. मला जागा पाहिजे."

"किती मोठी?"

"वाटाणा होता. आता सुपारी."

सुपारी म्हणजे काय हे इंग्रजीत सांगताना आणखी थोडा वेळ गेला. शेवटी अक्रोडापर्यंत तडजोड झाली.

"पण तुम्ही दरवेळी फाइन म्हणत होता."

"ते आमच्यात म्हणतात."

"उद्या सकाळी या," सारा म्हणाल्या. "आधी मी बघते."

काकूंनी फोन ठेवला. "हावरट म्हणाली असंल मला," त्या म्हणाल्या. काकांनी न विचारताच चहा ठेवला.

एप्रिलमध्ये छोट्या कापानं भागलं असतं. आता अख्खा स्तन काढावा लागला. ऑपरेशननंतर सारा खाटेशी आल्या. मास्कवर नुसते डोळे दिसत होते.

"एप्रिलमध्ये मी हट्ट धरायला हवा होता का, हे मी स्वतःला विचारते," त्या म्हणाल्या. "पण त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात कोविड शिरला होता. तेव्हा आला असतात तर आज इथं असतात की नाही, तेही मला माहीत नाही."

"मलाबी न्हाई," काकू मराठीत म्हणाल्या आणि मग इंग्रजीत, "पण तुम्ही तिसऱ्यांदा विचारायला पाहिजे होतं."

"तिसऱ्यांदा?"

काकूंनी पडल्या पडल्या कोल्हापूरची सगळी रीत सांगितली, चहापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत. सारांनी ती एखाद्या तपासणीचा रिपोर्ट ऐकावा तशी ऐकली. "माझे अजून किती पेशंट फाइन आहेत, देव जाणे," त्या म्हणाल्या, आणि जायला निघाल्या तशा दारातून परत फिरल्या. "दुखतंय का?"

"नाही."

"दुखतंय का?"

"थोडं."

"मिसेस चौगुले, दुखतंय का?"

"लई," काकू म्हणाल्या, आणि सारांनी त्या शब्दाचा अर्थ न विचारताच नर्सला औषध वाढवायला सांगितलं.

संध्याकाळी चहाची गाडी खडखडत आली. गाडीवाल्या पोरीनं घाईघाईत विचारलं, "टी?"

"येस," काकू म्हणाल्या. "आणि बिस्कीट."

सगळा वॉर्ड आपल्याकडंच बघतोय असं वाटून त्यांचे कान तापले. बघत कुणीच नव्हतं. पोरगी गाडी ढकलत पुढं निघाली, तेवढ्यात काकूंनी तिला थांबवलं आणि बशीतल्या एकुलत्या एका बिस्किटाकडं बोट केलं.

"एवढंच?"