अण्णांचा कोट आणि शाखेचं मत

दर रविवारी सकाळी मल्हारराव अण्णा आपल्या गच्चीतल्या दोरीवर वकिलाचा काळा कोट उन्हात टाकत आणि शेजारी खुर्ची घेऊन बसत. कोट ओला नसे. तो कधी अंगात घातलाच नव्हता, त्यामुळे धुण्याचा प्रश्नच नव्हता. पण या घरात एक वकील आहे, फक्त सरकारने त्याला अजून सोडलेलं नाही, हे गल्लीला कळायला हवं होतं.

अण्णा बंगळुरातल्या आमच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन ते वकिलीची परीक्षा पास झाले होते. निकाल लागताच शिवाजीनगरातल्या शिंप्याकडून त्यांनी कोट शिवून आणला. सनद घ्यायची तर सरकारी नोकरी सोडावी लागते, हा नियम अण्णांना तोंडपाठ होता. मुदतीआधी नोकरी सोडली तर पेन्शन जाते, हा नियम अक्कांना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, तोंडपाठ होता. तेव्हा कोट निवृत्तीची वाट पाहत राहिला. मधल्या काळात अण्णांचं पोट सुटत गेलं आणि कोट त्याच शिंप्याकडून सैल होऊन येत राहिला. अण्णा म्हणत, "कोट तयार पाहिजे. माणूस स्वल्प उशिरा आला तरी चालतं."

मी पन्नासच्या दशकाच्या शेवटी साताऱ्याहून बदली होऊन त्यांच्या हाताखाली आलो. परमुलखात मराठी माणूस भेटला म्हणून मला आनंद झाला. अण्णांनी मात्र माझा रजेचा पहिलाच अर्ज कारण अपुरं म्हणून परत केला आणि मग घरी जेवायला बोलावलं. आपले पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून इथे आले, असं त्यांनी जेवताना सांगितलं. घोड्यावरून उतरल्यानंतर त्या घराण्यात कुणी वरिष्ठांच्या परवानगीशिवाय पाऊल उचललं असेल, असं मला अण्णांकडे पाहून वाटलं नाही.

त्यांच्या शिक्षणाची कथा कचेरीत नव्या माणसाला कॉफीबरोबर ऐकवली जाई. सरकारी नोकराला शिकायचं तर खात्याची परवानगी लागे. अण्णांनी रीतसर अर्ज केला. असे अर्ज ज्या टेबलावर येत ते टेबल अण्णांचंच होतं. दुसरा कुणी असता तर शिफारस करून मोकळा झाला असता. अण्णांनी अर्ज दोनदा वाचला आणि खाली कचेरीतल्या आपल्या शाखेच्या वतीने टिपणी लिहिली : कायद्याच्या अभ्यासाने कर्मचाऱ्याचं लक्ष विभागतं, कामाचं नुकसान होतं, सबब परवानगी देऊ नये. साहेबांनी सवयीने खाली 'मान्य' लिहून सही केली आणि अण्णांचा अर्ज अण्णांनीच फेटाळला.

त्यांनी फेरविचाराचा अर्ज केला. तोही त्याच टेबलावर आला. नवा मुद्दा नाही, अशी टिपणी लागली. या वेळी मात्र साहेबांनी नाव वाचलं आणि अण्णांना आत बोलावून विचारलं, मल्हारराव, तुम्हाला शिकायचंय की नाही?

अण्णा शांतपणे म्हणाले, "अर्जदाराला शिकायचंय, साहेब. शाखेचं मत तसं नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि खास बाब म्हणून परवानगी दिली. त्यानंतर अण्णा परीक्षेच्या सकाळीसुद्धा कचेरीत येऊन टेबल साफ करून गेले. एक कागद कधी तुंबला नाही. पण ती टिपणी शाखेचं मत म्हणून कायम राहिली आणि तिच्या आधारे पुढच्या प्रत्येकाचा अर्ज फेटाळला गेला. अण्णांना याचं वाईट वाटे, पण अभिमान जास्त वाटे. "माझी टिपणी आजवर कुणी फिरवली नाही," ते म्हणत. हे अगदी खरं होतं.

साठच्या दशकाच्या मध्यावर ते निवृत्त झाले, सनद घेतली आणि कोट अखेर अंगावर चढला. पक्षकार मात्र मिळेना. सवयच अशी की कुणी गाऱ्हाणं सांगू लागला की अण्णा आधी त्यातल्या त्रुटी काढत. येलहंक्याचा एक गृहस्थ भावाविरुद्ध दावा लावायला आला होता. अण्णांनी त्याला भावाची बाजू इतकी नीट समजावली की तो तसाच उठला आणि भावाच्या घरी जेवायला गेला. अक्का म्हणायच्या, यांच्या अंगावर आहे त्यापेक्षा कोट दोरीवर होता तेव्हा बरा दिसायचा. अण्णा हसत, पण कोर्टाच्या व्हरांड्यात रिकाम्या हातांनी बसलेले अण्णा मी पाहिले होते आणि मला ते बघवलं नव्हतं.

तशात मीही वकिलीच्या वर्गाला नाव घातलं आणि परवानगीचा अर्ज केला. वर्ष संपत आलं तेव्हा उत्तर आलं : शाखेच्या पूर्वीच्या मतानुसार परवानगी नाही, वर्ग सोडावा, अन्यथा कारवाई होईल. मी कागद घेऊन थेट अण्णांकडे गेलो. त्यांनी तो वाचला. म्हणाले, "टिपणी चोख आहे रे." मी म्हटलं, तुमचीच आहे, आणि ती तुम्हालाच फिरवायचीय. त्यांनी कागदाची नीट घडी घातली. मग कोट खुंटीवरून काढून झटकला आणि म्हणाले, "सरी, ठीक आहे. वकीलपत्र दे."

सरकारी वकील तरुण होता. त्याने कोर्टापुढे टिपणी वाचून दाखवली आणि हे मत एका अत्यंत अनुभवी, निःपक्षपाती कर्मचाऱ्याचं असल्याचं सांगितलं. अण्णांनी नकळत मान झुकवून ती स्तुती स्वीकारली. मी त्यांचा कोट मागून ओढला.

मग अण्णा उभे राहिले. अभ्यासाने काम बिघडतं का, एवढाच प्रश्न आहे, असं त्यांनी मांडलं. आणि त्याच कचेरीत काम करून वकील झालेला एक माणूस आहे, त्याचं काम तपासावं. कोण तो, असं न्यायाधीशांनी विचारलं. मीच, असं अण्णांनी सांगितलं. ही टिपणी कुणाची, असं न्यायाधीशांनी विचारलं. तीही माझीच. कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीशसुद्धा किंचित हसले आणि म्हणाले, म्हणजे एक तर तुमचं काम वाईट होतं, नाहीतर तुमची टिपणी चुकीची होती. कोणतं धरायचं?

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. उभ्या आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी कमावल्या होत्या आणि त्यातली एक भर कोर्टात सोडून द्यायची होती. त्यांचा हात कोटाच्या बटणावर फिरत होता.

"टिपणी चुकीची होती," ते म्हणाले.

आम्ही जिंकलो. अण्णांचा हा पहिला विजय. पुढे त्यांनी आणखी काही बारीकसारीक खटले चालवले आणि काही वर्षांनी, पेन्शन अक्कांसाठी मागे ठेवून, ते गेले. माझी वकिली त्यांच्यामुळे झाली आणि हे मी कोर्टात उभा राहताना विसरलेलो नाही.

त्या पहिल्या निकालाच्या संध्याकाळी मी मैसूरपाक घेऊन गेलो. अक्कांनी दारातच सांगितलं, आल्यापासून जेवले नाहीत. अण्णा गच्चीत बसले होते. कोट दोरीवर होता. घामाने भिजलेला, या वेळी खरंच वाळत घातलेला. मी पुडा उघडून पुढे केला. त्यांनी एक वडी उचलली, पण खाल्ली नाही.

मी म्हटलं, अण्णा, आज तरी खूश व्हा.

"टिपणी पक्की होती रे," ते कोटाकडे बघत म्हणाले. मग वडी तोंडात टाकली. "वकील स्वल्प जास्त पक्का निघाला."