नांबूझेनं सोललेलं मुतुबाचं झाड

नांबूझे, तू गेलीस म्हणून मी आता तुझ्याबद्दल गोडगोड लिहीन, या भ्रमात राहू नकोस. हट्टी होतीस, तोंडाळ होतीस, आणि माझ्या चहाला दर खेपेला नावं ठेवायचीस. पण त्या झाडापायी तू जे केलंस, त्याचं लोक आता भलतंच सांगतात. म्हणे मंत्र घातला! मंत्र कसला डोंबलाचा. म्हणून जे झालं ते सरळ लिहिते.

नांबूझेचा नवरा सेर्वद्दा मुतुबाच्या सालीचं कापड करायचा. पावसाच्या तोंडावर तो गेला, आणि त्यानंच बडवलेल्या कापडात गुंडाळून त्याला केळीच्या बागेत पुरलं. मागे राहिली बांधावरची पाच मुतुबाची झाडं. दुखवट्याचे पाहुणे पांगले न पांगले तोच धाकटा दीर क्येयुने कुऱ्हाड घेऊन दारात.

"वहिनी, झाडं तोडून वीटभट्टीला देतो. तिथं कॉफी लावू."

"का? झाडांनी तुमचं काय खाल्लं, भावोजी?"

"आता सोलणार कोण? बाईनं साल काढली की झाड वाळतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

बावीस वर्षं नवरा साल काढायचा, आणि उघड्या बुंध्याला केळीची पानं गुंडाळायची ती. झाड जगतं ते त्या पानांच्या जिवावर, हे तिला पक्कं माहीत होतं. पण त्याला कसब म्हणतंय कोण?

"सगळ्यात मोठं झाड मी तुमच्या डोळ्यांदेखत सोलते," ती म्हणाली. "वाळलं तर पाचही तुमची. नवी साल धरली, तर कुऱ्हाड घेऊन पुन्हा हा बांध ओलांडायचा नाही."

क्येयुने काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो शाळेत विज्ञानाच्या बाईकडे, म्हणजे माझ्याकडे, आला. मी वर्गात शिकवते तेच पुस्तकातलं सांगितलं. मुळांनी ओढलेलं पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं. मक्याच्या, ताडाच्या नळ्या खोडभर विखुरलेल्या असतात, पण अशा झाडाचं तसं नाही. भोवतीनं साल काढली की मुळं उपाशी मरतात. संपलं. त्यानं ते गावभर केलं.

दुसऱ्या दिवशी नांबूझे माझ्या ओसरीवर उभी.

"बाई, तुमच्या पुस्तकाप्रमाणे आमची झाडं पणज्याच्या काळापासून मेलेलीच आहेत म्हणायची. मग उभी राहून करतात काय? तुमचा मान राखतात?"

मी चहा टाकायला आत गेले.

दोन दिवस पाऊस पडून साल सैल झाल्यावर तिनं काम काढलं. सगळं गाव जमलं. तिनं वरची वाळकी पापडी खरवडली, वर-खाली दोन गोल चिरा दिल्या, एक उभी, आणि केळीच्या देठाची पाचर आत सारली. इथून पुढे लोखंड लावायचं नाही. खालचा ओला थर खरवडला की झाड गेलंच. सदऱ्याची बाही उतरावी तशी अख्खी साल उतरली. बुंधा पांढरा, बुळबुळीत.

"आता कुणी हात लावायचा नाही. नवी साल ह्या बुळबुळीतूनच येते."

ती पानं घ्यायला वळली तेवढ्यात क्येयुने पुढे झाला. "बघू तरी, ओल आहे का गेली," म्हणत त्यानं पंजा बुंध्यावर दाबून चांगला रगडला.

"हात काढा भावोजी!"

"ओरडताय काय? झाड आहे, बाळंतिणीचं पोर नव्हे."

"पोरच आहे. तुम्हाला न्हाऊमाखू घालून मांडीवर दिलेलं तेवढंच ठाऊक, आत्ता जन्मलेलं ओलं पोर कुठं ओळखता येणार?"

बायका फिदीफिदी हसल्या. तिनं पानं गच्च आवळून बांधली.

मग शेंड्याची पानं मलूल झाली. क्येयुने रोज बांधाच्या पलीकडे बसून कुऱ्हाडीला धार लावायचा. ती अलीकडे छपरात बसून काढलेली साल मोगरीनं बडवायची, मुद्दाम जोरात. जेवण मात्र जाईना तिला. झाड गेलं तर पाचही जाणार होती, आणि त्यांच्याबरोबर तिच्या हातांचं काम.

दहाव्या दिवशी तिनं गाव बोलावून पानं सोडली. बुंधाभर पातळ, हिरवट नवी कातडी. फक्त एका ठिकाणी तपकिरी, कोरडा डाग. तळवा आणि पाच बोटं.

तिनं क्येयुनेचं मनगट धरलं आणि पंजा त्या डागावर टेकवला. बरोब्बर बसला.

"बाईनं सोललं तिथं झाड जगलं. वाळलं ते पुरुषाचा हात लागला तिथं. आता सांगा गावभर!"

क्येयुनेनं कुऱ्हाड उचलली आणि बांधापलीकडे गेला. पुन्हा आला तो रिकाम्या हातानं.

त्याच दुपारी नांबूझे, तू शाळेत आलीस. "बाई, चुकीचं शिकवलंत. वर्गात उभं राहून सांगा. माझं नाव घेऊन सांगा." सोमवारी सांगते, म्हणाले. सोमवारी परीक्षा लागली, मग सुट्ट्या, मग माझी बदली. तू दोनदा निरोप धाडलास. मी दोन्ही वेळा हो म्हटलं, आणि त्या वर्गापुढे तुझं नाव काही घेतलं नाही.