शनिवारचा वर्ग

निपाणीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न झालं आणि मी बेंगळुरूला आले. कॉलेज सुटलं ते सुटलंच. बेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा नाव घातलं, तेही पहिल्या वर्षापासून. शिकायचं घरी बसून ऑनलाइन, की शनिवार-रविवार वर्गात जाऊन, हे पंधरा दिवसांत कळवायचं होतं. तोवर सगळ्यांचे तास ऑनलाइनच होते.

मला विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. घरी मामंजी होते. यशवंतपूरच्या एका कारखान्यात त्यांनी लेथवर आयुष्य काढलं. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून उजवा हात निकामी आणि बोलणं जड. नवरा शनिवारीही आनेकलला कामावर. मामंजींना एकटं सोडून मी कशी जाणार?

पहिल्या शनिवारी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून बसले. इतिहासाच्या बाईंनी प्रश्न विचारला. मला उत्तर येत होतं. माइक चालू केला, तेवढ्यात मागून मामंजींची हाक आली, "पाऽऽणी!" पडद्यावरची दोन-तीन पोरं हसली. मी माइक बंद केला, कॅमेराही बंद केला आणि पाणी द्यायला उठले. पुढचे तास कॅमेरा बंदच ठेवला.

जेवताना मामंजींनी विचारलं, "तुझं तोंड का दिसत नव्हतं त्यात?"

"उजेड कमी होता."

"खोटं बोलू नकोस." मग एकेक शब्द जोडत म्हणाले, "माझ्यामुळं. तू कॉलेजात जा."

"आणि तुम्हाला पाणी कोण देईल?"

"मी घेईन."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डाव्या हातानं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायचा सराव सुरू केला. पाणी टेबलभर व्हायचं. मी फडकं घेऊन धावले की रागवायचे, "स्वल्प सांडेल. सांडू दे!" दहाव्या दिवशी अर्धा पेला भरून त्यांनी माझ्यापुढं सरकवला. "पी," म्हणाले. मी पेला रिकामा केला.

वर्गात येते असं मी कॉलेजला कळवलं. वरच्या मजल्यावरच्या कन्नड अक्कांनी शनिवारी मामंजींजवळ बसायचं आपणहून कबूल केलं. तरी पहिल्या दिवशी बाकावर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शेजारची मुलगी माझ्या सासरी गेलेल्या लेकीपेक्षाही लहान. मधल्या सुट्टीत मी घरी फोन लावला. अक्का म्हणाल्या, "ते जेवले, झोपले. तुम्ही सारखा फोन करू नका." शेवटच्या तासाला बाईंनी प्रश्न विचारला आणि मी हात वर केला. या वेळी उत्तर पुरं केलं.

घरी आले तर मामंजी दाराकडे तोंड करून खुर्चीत बसलेले.

"काय शिकवलं?"

मी पर्स खांद्यावरून न काढताच सांगायला लागले. मध्येच थांबले की ते म्हणायचे, "मग?" सातवीनंतर त्यांना शाळा सोडावी लागली होती, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं एका घरात राहून मी कधी विचारलंच नव्हतं.

आता माझं दुसरं वर्ष चालू आहे. मी वर्गात जरा जास्तच लिहून घेते. घरी गेल्यावर ते बारकाईनं विचारतात.