मढच्या चुलीतली राख

आमच्या गोरेगावच्या चाळीला लागून टॉवरचा पाया खणतायत. खोलातल्या मातीचा वास आला की मला मढचं टेकाड आठवतं.

गिरणी बंद पडली होती, म्हणून मी तिथे खोदकामावर मजुरीला जायचो. पुरातत्त्वाच्या एक मॅडम पोर्तुगीजांच्या वेळचं गाव जमिनीतून वर काढत होत्या. एका दुपारी माझ्या खड्ड्यात मातीची चूल लागली, राखेने भरलेली. मॅडम जेवायला गेल्या होत्या. मी सगळी राख उपसून फेकली आणि चूल स्वच्छ करून ठेवली.

मॅडमनी येऊन कपाळावर हात मारला. "अहो सावंत, काय केलंत! हे लोक काय खायचे, ते त्या राखेतच कळणार होतं!"

मी चौथी शिकलेला, पण ऐकून घेणारा नाही. "राखेने भरलेली चूल मला बघवत नाही. आमची आय रोज सकाळी उठून आधी राख काढायची."

"रोज?"

"रोज म्हणजे रोज. या चुलीवरच्या बाईने काढली नाही, म्हणजे तिला सकाळ मिळालीच नाही."

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. फेकलेली राख मग मीच अंधार पडेपर्यंत चाळली. चार जळके कुळीथ मिळाले.

माझं बोलणं वहीत गेलं, म्हणून तेव्हा मी केवढा मिरवलो! आता वाटतं, त्या रात्री गावावर धाड आली होती की साथ? वाचली असेल तर ती बाई कुठे गेली, पुढची चूल तिने कुठे मांडली, हे मला अजून कळायला हवंय.