वर्गात आई म्हणायचं नाही

सकाळी पावणेनऊला मोठ्या मॅडम माझे हात हुंगायच्या.

बालवाडीत मुलं यायच्या आत, चपलांच्या मांडणीजवळ. मी दोन्ही तळवे पुढे करायचे. त्या वाकून वास घ्यायच्या, दूध नासलंय का बघतात तसा. मग "आज ठीक आहे" किंवा "परत धुवून या." कणकेच्या खेळानंतर मुलाच्या हाताला मासळीचा वास येतो, अशी एका पालकाची तक्रार आली होती. कणीक मी मळायची. तेव्हापासून कणीक, माती, रंग, काहीही असो, मला हातमोजे. दोघी टीचरना नाहीत. वर्गाच्या भिंतीवर 'हाताने करू, हाताने शिकू' असं लिहिलेलं आहे. ती अक्षरं मीच कापून चिकटवली आहेत.

मी मिरकरवाड्यातली. नवरा ट्रॉलरवर, सासू बाजारात मासळी विकते. सकाळी तिची टोपली भरून द्यायची आणि मग लिंबाची फोड नखांत घासत बसायचं, हा माझा रोजचा उद्योग. बालवाडी शिक्षिकेचा कोर्स मी केलेला आहे, चांगल्या मार्कांनी. शाळेने मदतनीस म्हणून घेतलं. टीचरचं नंतर बघू म्हणाले, ते अजून बघतायत. पण मदतनिसाच्या मुलीला शाळेत जागा मिळत होती, आणि माझी रिद्धी चार वर्षांची होत आली होती. मी मान डोलावली आणि तिथेच अडकले. माझी नोकरी गेली की तिची जागा गेली, हे मला पहिल्याच दिवशी नीट समजावण्यात आलं.

आणखी एक नियम होता. रिद्धीने वर्गात मला आई म्हणायचं नाही. सगळी मुलं म्हणतात तसं मावशी म्हणायचं. नाहीतर बाकीच्यांना आपापल्या आईची आठवण येते म्हणे. रिद्धी आठवड्याभरात शिकली. हुशार आहे पोर, असं मला वाटलं. तेव्हा लाज वाटायला हवी होती.

त्या दिवशी सॉर्टिंगची अ‍ॅक्टिव्हिटी होती. प्रत्येक मुलापुढे लाकडी बटणांचा ढीग, लाल, पिवळी, निळी, कुठलं मोठं, कुठलं बारीक, आणि शेजारी तीन डबे. रंग ओळखून डब्यात टाकायचं. प्रवेशाची चौकशी करायला आलेले चार-पाच पालक मागे उभे होते.

रिद्धीने डबे बाजूला सारले. सतरंजीवर बटणं पाच ठिकाणी मांडायला लागली. प्रत्येक ठिकाणी एक मोठं, दोन मध्यम, वर चिमूटभर बारीक. उरलेली हातात घेऊन तिने पाचही ढिगांवर नजर फिरवली आणि जिथे कमी दिसलं तिथे एकेक ठेवलं. आमच्याकडे बारीक मासळी वजनावर जात नाही. असे ढीग लावून विकतात, त्यांना वाटे म्हणतात. प्रत्येक वाट्यात थोडं मोठं, थोडं बारीक, म्हणजे कुठलाही उचला, गिऱ्हाईक फसत नाही. शनिवारी आजीशेजारी बसून ती हेच करते. चार वर्षांच्या मुलीला पाच सारखे वाटे लावता येतात, हे त्या खोलीत फक्त मला दिसत होतं.

"हे काय केलंस?" मोठ्या मॅडमनी विचारलं.

"वाटे."

पालकांत कोणीतरी हसलं. मॅडमही हसल्या, त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "घरचं वातावरण. वेळ लागतो हो." आणि मला, "मावशी, मोडा ते. रंगाप्रमाणे करून घ्या."

मी मोडले. हातमोजे घातलेल्या हाताने, एका फटक्यात. कोर्समध्ये शिकलेलं सगळं मला आठवत होतं. मुलाने स्वतःच्या मनाने मांडलं तर मध्ये हात घालू नये, हेसुद्धा. तरी मोडले. रिद्धी रडली नाही. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मावशी, बरोबर होते ना?"

मी म्हटलं, "आधी लाल काढ."

हे मी तिला म्हटलं. मॅडमनी नाही, मी.

शनिवारी ती बाजारात आजीशेजारी बसली, पण हात फ्रॉकखाली दाबून. सासू म्हणाली, "काय झाला गो बाय? लाव ना वाटे."

"नको. हाताला वास येतो."

सासूने माझ्याकडे बघितलं. टोपलीत हात घातला आणि वाटे लावायला लागली. चाळीस वर्षं त्या हातांनी आमचं घर चालवलंय. माझा कोर्सही त्यातूनच झाला. आणि मी माझ्या मुलीला त्या हातांची किळस शिकवून आणली होती. मला त्या गर्दीत उभं राहवेना.

सोमवारी मोठ्या मॅडम वाकल्या तेव्हा मी हात मागे घेतले.

"हुंगायचं नाही."

त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मी हातमोजे काढून मांडणीवर ठेवले, वर्गात गेले, बटणांचा डबा उघडला आणि रिद्धीसमोर सतरंजीवर बसले. म्हटलं, "मला वाटे लावायला शिकव." ती दाराकडे बघत राहिली. मग एक मोठं बटण उचलून माझ्या पुढ्यात ठेवलं. बघता बघता आणखी तीन मुलं सरकून जवळ आली.

मॅडम दारात उभ्या होत्या. मुलांसमोर आवाज चढवला नाही. "मावशी, मुलीच्या जागेचा विचार करा," एवढंच म्हणाल्या.

वर्षभर मी दुसरा कसला विचार केलेला नाही. आजही जागा हातची जाईल ही भीती आहे. ती जाणार नाही. पण उद्या मी शाळेत जाणार, लिंबू न लावता, उघड्या हातांनी. मला काढायचं तर तोंडी चालणार नाही. कागदावर लिहून द्या, आणि कारणही लिहा, हिच्या हाताला मासळीचा वास येतो. खाली सही करा.

रिद्धीला सांगून ठेवलंय. दारातून आत आलीस की मला आई म्हण, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असं.