पेरणीत नापास

आश्रमशाळेत मी मास्तर म्हणून लागलो, तेव्हा मला शेतीतलं एवढंच कळत होतं की ज्वारीची भाकरी होते. वडील कचेरीत कारकून. घरात शेतीचा संबंध आला तो फक्त सातबाऱ्यापुरता. अशा माणसावर सरकारनं कळमनुरीकडच्या डोंगरातल्या आंध आदिवासींच्या लेकरांना त्यांचीच संस्कृती शिकवण्याची जबाबदारी टाकली. सरकारची पारख ही अशी असते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. वरून परिपत्रक आलं की आदिवासी मुलांना घोकंपट्टी नको, त्यांच्या जगण्यातूनच शिकवा आणि त्याचीच परीक्षा घ्या. विचार सोन्यासारखा होता, म्हणूनच तो आमच्या हाती पडायला नको होता. 'परिसर व शेती' असा नवा विषय निघाला. त्यात नापास म्हणजे वर्षात नापास. पेपर मी काढायचा. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार! मी मेहुण्याकडून शेतीचं एक पुस्तक मागवलं आणि त्यातून आदिवासी संस्कृतीवर वीस प्रश्न काढले.

चौथीत एक मुलगी होती. उशिरा नाव घातलेलं, त्यामुळे वय बारा. वाचायचं वेड इतकं की वाण्याच्या पुडीचा कागदही ती सरळ करून वाचायची. बापानं तिला बजावलं होतं, "पाचवीत गेलीस तर शिक, न्हाईतर औंदाच लगीन." आमचा नियमही त्याच्या मदतीला होता: नापास मुलीची वसतिगृहातली जागा जायची. पोरगी हुशार होती, ती पाचवीत जाणार यात मला शंका नव्हती. खोट एकच. दर वर्षी मृगात ती पंधरा दिवस घरी पळायची. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिफणीमागं चालत चाड्यात मुठीनं बी सोडायचं काम तिच्याकडं आलं होतं. दोन वर्षं बापाचं सगळं रान तिच्याच हातानं पेरलं गेलं होतं. मी मात्र हजेरीपटावर लाल शाईनं गैरहजेरी मांडून, "शिकायचं सोडून काहून पळतीस गं?" असं विचारत तिला तासभर उभं केलं होतं.

मार्चअखेर तपासणीला साहेब आले. चहा झाला, पोहे झाले, पुन्हा चहा झाला, मग संस्कृतीकडे वळायचं ठरलं. शाळेमागं चार गुंठे काळं रान होतं. भेगा एवढ्या की त्यात माझी छडी उभी राहिली असती. विहीर आटलेली, प्यायचं पाणी मुली मैलभरावरून आणत होत्या. साहेबांनी फर्मावलं, "मुलांना पेरणी करून दाखवू द्या."

मार्चमध्ये पेरणी! मला काही खटकलं का? खरं सांगायचं तर नाही. गुणांचा तक्ता मीच आखला होता. ओळ सरळ असेल तर चार गुण, दाण्यांत सारखं अंतर असेल तर तीन, आज्ञापालनाला तीन. हंगामाला गुण ठेवायचे राहून गेले होते.

बाकीची मुलंही शेतकऱ्यांचीच होती. पण साहेबापुढं डोकं चालवायचं नसतं, हा शाळेचा पहिला धडा त्यांनी नीट गिरवला होता. खुरप्यानं रेघा ओढून, पट्टी लावून त्यांनी ज्वारीचे दाणे त्या तापल्या मातीत पुरले. कुणाला आठ मिळाले, कुणाला नऊ.

मग तिची पाळी आली. ती उकिडवी बसली, बोटानं माती उकरली, मुठीत दाबून पाहिली आणि दाण्यांची वाटी साहेबांपुढं परत ठेवली.

"आत्ता न्हाई पेरत, सायेब. बी मरून जाईल."

"तुला पेरता येतं की नाही?"

"येतं. मिरग लागल्यावर पेरते."

"परीक्षा आज आहे."

"पण रान तयार न्हाई ना, सायेब."

साहेब हळहळले. माझ्याकडं वळून म्हणाले, "पाहिलंत गुरुजी? आदिवासी मुलगी, आणि पेरणीला नकार! संस्कृती नष्ट होते ती ही अशी. शून्य लिहा."

दोन वर्षं हिनं बापाचं रान पेरलंय, हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. पण मला नोकरीत कायम करण्याचा कागद साहेबांच्याच सहीसाठी पडून होता. मी वाक्य गिळलं आणि शून्य काढलं. अक्षर माझं पहिल्यापासून वळणदार. पुढं साहेबांनी सांगितलेला शेराही लिहिला: 'विद्यार्थिनीस पारंपरिक शेतीची ओळख नाही.' लेखी पेपरात तिची उत्तरं माझ्या मेहुण्याच्या पुस्तकाशी जुळली नाहीत, तिथंही कात्री लागली. चार गुणांनी ती गेली.

निकालाच्या दिवशी बाप आला. ती वळकटी बांधून दारात उभी होती.

"कशात गेली, गुर्जी?"

"शेतीत."

त्याला वाटलं, मी थट्टा करतोय. तो हसला. मग आम्ही कुणीच हसत नाही हे पाहून त्यानं मुलीला विचारलं, "व्हय गं?" तिनं मान हलवली.

त्यानं मला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"माफ करा गुर्जी, तुमाला तकलीफ झाली. चूक आमची हाय. आमीच तिला घरी बराबर शिकवलं न्हाई."

मुलगी माझ्याकडं बघत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. "पुढच्या लेकरांकडं तरी लक्ष द्या," असं मी त्याला समजावून सांगितलं. "व्हय जी," म्हणत त्यानं वळकटी खांद्यावर घेतली. आजही हे आठवलं की मला माझी लाज वाटते. मी त्याच महिन्यात नोकरीत कायम झालो, आणि तिचं लग्न वैशाखात झालं.